बोलता न येणाऱ्या मुलाची परीक्षा कशी घ्यायची?

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड साधारण वीस मिनिटांचा आहे. लोकलमध्ये असाल तर दादरला चढून ठाण्याला उतरेपर्यंत संपेल. पुण्यात असाल तर दोन सिग्नलमध्ये संपेल.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक झालं, दोन वर्षं बँकेच्या ॲपमधली बटणं इकडून तिकडे हलवली, आणि मग अशा एका टीममध्ये आले जिथे आम्ही परीक्षेची सॉफ्टवेअर्स तपासतो. मार्क बरोबर पडतात का, ते नाही. ज्याला दिसत नाही, ज्याचा हात चालत नाही, ज्याला बोलता येत नाही, त्याला ती परीक्षा देता येते का, ते आम्ही तपासतो. क्लायंट अमेरिकेतले, त्यामुळे माझा दिवस संध्याकाळी सुरू होतो. आई म्हणते, "अगं, तिकडच्या पोरांच्या परीक्षांसाठी तू कशाला जागतेस?" आज आईला आणि तुम्हाला एकदमच सांगून टाकते.

विषय आहे पर्यायी मूल्यमापन. ज्या मुलांना तीव्र बौद्धिक अक्षमता आहे, त्यांनी काय शिकलं हे शिक्षकांनी कसं शोधायचं, आणि त्या शिक्षकांना मदत कशी करायची.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते, कारण यात नेहमी गोंधळ होतो. लेखनिक मिळणं, जादा वेळ मिळणं, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका मिळणं या झाल्या सवलती. पेपर तोच, देण्याची पद्धत वेगळी. पर्यायी मूल्यमापन म्हणजे पेपरच वेगळा. विषय तेच, भाषा, गणित, विज्ञान, पण खोली आणि विस्तार खूप कमी केलेला. कितीही सवलती दिल्या तरी नेहमीचा पेपर ज्यांना देताच येणार नाही, अशा मोजक्या मुलांसाठी हे आहे. त्यात बौद्धिक अक्षमता असलेली मुलं आहेत, ऑटिझम असलेली काही आहेत, एकापेक्षा जास्त अपंगत्वं असलेली आहेत.

आता थोडा इतिहास. कंटाळू नका, लवकर संपवते. अमेरिकेत १९७५ पर्यंत दहा लाखांहून जास्त दिव्यांग मुलं सरकारी शाळेच्या बाहेरच होती. त्या वर्षी कायदा झाला आणि शाळेचं दार उघडलं. पण राज्याची परीक्षा असायची त्या दिवशी यातल्या पुष्कळ मुलांना त्यात धरतच नसत. शाळेला ते सोयीचंही होतं. ज्यांचे मार्क कमी पडणार ती मुलं मोजणीतून बाहेर ठेवली की शाळेची सरासरी आपोआप चांगली दिसते. १९९७ मध्ये कायद्यात बदल झाला: राज्याच्या परीक्षेत प्रत्येक मूल धरायचं, आणि ज्याला नेहमीचा पेपर जमणार नाही त्याच्यासाठी १ जुलै २००० पर्यंत पर्यायी मूल्यमापन तयार करायचं. एकाही मुलाला वगळायचं नाही.

लगेच दुसरी भीती उभी राहिली. सोपा पेपर आहे म्हटल्यावर शाळा कच्च्या मुलांना भराभर तिकडे ढकलतील. म्हणून टक्केवारीची मर्यादा आली. २०१५ च्या कायद्यानुसार एका राज्यात, एका विषयाची परीक्षा देणाऱ्या एकूण विद्यार्थ्यांपैकी जास्तीत जास्त १ टक्का मुलं पर्यायी परीक्षेला बसू शकतात. त्याहून जास्त होणार असतील तर राज्याला केंद्राकडे सूट मागावी लागते.

हा १ टक्का फक्त सरकारी आकडा आहे असं समजू नका. तिसरी ते आठवी दरवर्षी, आणि हायस्कूलमध्ये एकदा, भाषा आणि गणिताची परीक्षा असते. तिसरी-चौथीतच मूल पर्यायी परीक्षेकडे वळलं तर पुढे त्याला नेहमीचं हायस्कूल डिप्लोमा सर्टिफिकेट मिळणं अवघड होऊ शकतं. म्हणून कायदा म्हणतो की पालकांना हे आधी सांगा. म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलाबद्दल एका टेबलाभोवती बसून शिक्षक आणि पालक ठरवणार, आणि त्याचा परिणाम अठराव्या वर्षी दिसणार. शिक्षकावर केवढं ओझं आहे बघा.

मग ही परीक्षा दिसते कशी? आधी दिसायची फाईलसारखी. केंटकी राज्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी पद्धत आणली, आणि नंतर बऱ्याच राज्यांनी तीच उचलली. शिक्षकाने वर्षभर प्रत्येक मुलाचे फोटो, वर्कशीट, नोंदी, व्हिडिओ जमवायचे, जाडजूड फाईल करायची आणि ती तपासायला पाठवायची. कल्पना चांगली होती. पण ज्या शिक्षकाला फाईल नीट लावता येते त्याच्या मुलांना जास्त गुण, असं होऊ लागलं. मूल तेच, शिकणं तेच. शिवाय शनिवार-रविवार कात्री आणि डिंकात गेले ते वेगळेच. आपल्याकडे बीएडच्या प्रॅक्टिकल फायली ज्यांनी केल्यात त्यांना कळेल मी काय म्हणते ते.

आता बरीच राज्यं कॉम्प्युटरवरच्या पद्धतीकडे वळली आहेत. त्यातली 'डायनॅमिक लर्निंग मॅप्स' ही कॅन्सस विद्यापीठातून चालणारी पद्धत मला सगळ्यात रंजक वाटते, म्हणून तीच सांगते. २०१४-१५ पासून ती प्रत्यक्ष वापरात आहे आणि अनेक राज्यं मिळून ती चालवतात.

त्यांनी काय केलं, तर भाषा आणि गणिताचं जाळं काढलं. कुठलं कौशल्य कुठल्या कौशल्यावर उभं आहे, याचा नकाशा. मग इयत्तेच्या प्रत्येक अपेक्षेखाली पाच पायऱ्या केल्या. चौथी पायरी म्हणजे या मुलांसाठीचं लक्ष्य, पाचवी त्याच्या पुढची, आणि खालच्या तीन त्या लक्ष्याकडे नेणाऱ्या. सगळ्यात खालची पायरी तर इतकी खाली जाते की मला पहिल्यांदा वाचताना थांबावंसं वाटलं. गणितात खाली-खाली जात गेलं की काय येतं माहितेय? 'वेगळेपण ओळखणं'. ही वस्तू या डब्यात आहे आणि ती बाहेर आहे, हे कळणं. त्याच्याजवळच 'गट ओळखणं'. आपण बेरजेपासून गणित सुरू झालं असं मानतो. बेरजेच्या खाली एवढा मोठा तळ आहे आणि आपण सगळे कधीतरी तिथून वर आलोय, हे मला इंजिनिअरिंगची चार वर्षं गणित शिकूनही माहीत नव्हतं.

परीक्षा छोट्या छोट्या तुकड्यांत असते. एका तुकड्यात तीन ते नऊ प्रश्न. सुरुवातीला मुलाचं लक्ष वेधणारी एक छोटी कृती किंवा गोष्ट, मग प्रश्न. आधी शिक्षक एक फॉर्म भरतो: मुलाला ऐकू किती येतं, दिसतं किती, हात किती चालतो, तो सांगतो कसा, वाचन कुठवर आहे. त्यावरून सॉफ्टवेअर ठरवतं की पहिला तुकडा कुठल्या पायरीचा द्यायचा. तो जमला तर पुढचा एक पायरी वर, नाही जमला तर एक खाली. तुकड्याच्या आत मात्र काही बदलत नाही.

खालच्या पायऱ्यांवर मूल स्क्रीनकडे बघतही नाही. तिथे परीक्षा शिक्षक घेतो. स्क्रीन शिक्षकाला सांगते, 'मुलासमोर दोन वस्तू ठेवा, असं असं म्हणा, थांबा, आणि त्याने काय केलं ते निवडा.' 'बॉलकडे बघितलं', 'चमच्याकडे बघितलं', 'कशाकडेच बघितलं नाही', असे पर्याय. कुठल्या वस्तू लागतील याचं पानभर माहितीपत्रक आधी मिळतं. आणि परीक्षा घेण्यापूर्वी शिक्षकाला स्वतःला प्रशिक्षण घेऊन चाचणी द्यावी लागते, त्यात ८० टक्के मिळवावे लागतात. मुलांच्या परीक्षेआधी बाईंची परीक्षा! (हसते) मला हे फार आवडलं.

निकालही आपल्यासारखा 'शंभरपैकी अमुक' असा येत नाही. कुठल्या पायऱ्या मुलाने गाठल्या ते येतं. पालकाच्या हातात ३२ टक्के लिहिलेला कागद देण्यापेक्षा 'तुमच्या मुलीला ओळखीच्या दिनक्रमात पुढे काय होणार ते कळतं' असं लिहिलेला कागद देणं कधीही चांगलं.

कागदावर हे सगळं छान आहे. आता प्रत्यक्षात काय होतं ते ऐका.

मागच्या वर्षी आमच्या एका चाचणीत, पालकांच्या परवानगीने, एका शिक्षिकेच्या वर्गातलं सत्र आम्ही व्हिडिओवर बघितलं. अकरा वर्षांचा मुलगा. बोलत नाही, हात हवे तसे हलत नाहीत. तो डोळ्यांनी सांगतो. बाई एक पारदर्शक फलक मध्ये धरतात, चार कोपऱ्यांत चार चित्रं, आणि तो ज्या चित्राकडे बघून थांबतो ते त्याचं उत्तर. एका उत्तराला तीन-चार मिनिटं. मध्ये त्याची मान कलंडते, बाई ती सरळ करतात, तो दम घेतो, परत बघतो. आणि नेमकं तेव्हा स्क्रीनवर आलं, 'बराच वेळ हालचाल नाही, तुम्हाला बाहेर काढत आहोत.'

परत लॉगिन, परत सुरुवात. आमच्याकडून रिपोर्ट गेला. उत्तर आलं की वेळेची मर्यादा सुरक्षेच्या नियमात आहे, बदलता येणार नाही. पुढच्या सत्रात बाई एका हाताने फलक धरून, दुसऱ्या हाताने मुलाची मान सावरत, कोपराने माऊस हलवत बसल्या होत्या. सगळं सॉफ्टवेअर, सगळा कायदा, आणि शेवटी त्या बाईंचं कोपर. चार महिन्यांनी ती मर्यादा वाढवली गेली. पण तोवर परीक्षेचा हंगाम संपला होता.

मी हे रागाने सांगत नाहीये. म्हणजे थोडं रागानेच. शिक्षकांना मदत म्हटलं की लोकांना वाटतं अजून एक ट्रेनिंग, अजून एक पीडीएफ. त्या बाईंना ट्रेनिंग नको होतं. त्यांना तिसरा हात हवा होता. परीक्षेच्या तासाला वर्गात आणखी एक माणूस, बाकीच्या सात मुलांकडे बघायला. शांत खोली. आणि तीन मिनिटं थांबू शकणारी स्क्रीन.

पण हा तिसरा हात नेमकं काय करेल, यावर कडक नियम आहेत, आणि ते असायलाच हवेत. प्रश्न वाचून दाखवता येतो. खुणांच्या भाषेत सांगता येतो. चित्राऐवजी खरी वस्तू वापरता येते. मुलाने नजरेने दाखवलेलं उत्तर शिक्षक कॉम्प्युटरवर टाकू शकतो. पण मुलाचा हात धरून उत्तरावर नेता येत नाही. चुकीचे पर्याय कमी करता येत नाहीत. 'नीट बघ हं' म्हणत बरोबर उत्तर येईपर्यंत परत परत विचारता येत नाही.

हात धरायला इतकी बंदी का? याच्यामागे एक खरी आणि वाईट गोष्ट आहे. १९९० च्या आसपास अमेरिकेत 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन' नावाची पद्धत पसरली. न बोलणाऱ्या मुलाचा हात किंवा मनगट मदतनीस धरायचा आणि मूल कीबोर्डवर टाइप करायचं. अचानक लांबच लांब वाक्यं यायला लागली. आईवडील रडले. मग संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. मुलाला एक चित्र दाखवलं, मदतनीसाला दुसरं, आणि दोघांना एकमेकांचं चित्र दिसू दिलं नाही. टाइप झालं ते मदतनीसाने बघितलेलं चित्र. मदतनीस खोटं बोलत नव्हते, त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं की आपला हात चालतोय. अमेरिकेतल्या वाचा आणि श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने १९९५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये या पद्धतीविरुद्ध भूमिका घेतली.

म्हणून शिक्षकाचं काम इतकं नाजूक आहे. मदत केली नाही तर मुलाला जे येतं ते दिसणार नाही. जास्त केली तर शिक्षकाला जे येतं तेच दिसेल. आणि स्क्रीनला यातला फरक कळत नाही. तिला फक्त क्लिक दिसतो.

आता माझं मत. परीक्षेच्या दिवशी काय होतं यापेक्षा त्याआधीच्या दोनशे दिवसांत काय झालं ते महत्त्वाचं आहे. ज्या मुलाकडे 'हो', 'नाही', 'अजून', 'नको' सांगायची पक्की पद्धत नाही, त्याची परीक्षा घेणं म्हणजे फोन नसलेल्या माणसाला मिस्ड कॉल देण्यासारखं आहे. तुम्ही देत राहाल, तो उचलणार कशाने? त्यामुळे शिक्षकाला पहिली मदत कुठली, तर मुलाला संवादाचं साधन मिळवून देण्याची. चित्रपाटी असेल, डोळ्यांचा फलक असेल, मोठं बटण असेल, ॲप असेल. आणि ते साधन परीक्षेच्या आठवड्यात कपाटातून काढायचं नाही. रोज, जेवताना, खेळताना वापरायचं.

तिथल्या विशेष शिक्षणात एक तत्त्व फार सांगितलं जातं. ॲन डोनेलन यांनी १९८४ मध्ये ते मांडलं. माझ्या शब्दांत सांगायचं तर, खात्रीचा पुरावा हातात नसेल तेव्हा असं गृहीत धरा, जे चुकलं तरी मुलाचं कमीत कमी नुकसान होईल. 'त्याला कळतं' असं धरून गोष्ट वाचून दाखवली आणि त्याला कळलं नाही, तर फार काय बिघडलं? 'त्याला कळत नाही' असं धरून वर्षानुवर्षं वाचूनच दाखवली नाही, आणि त्याला कळत होतं, तर?

याची दुसरी बाजूही आहे. 'सगळ्यांची परीक्षा' हा नियम आंधळेपणाने लावला की क्रूर होतो. फ्लोरिडात गंभीर आजारी, अंथरुणाला खिळलेल्या मुलांनाही परीक्षा द्यायला लावण्यावरून मोठा वाद झाला. एका आईकडे तर मुलगा शेवटच्या दिवसांत असताना परीक्षेतून सूट मिळवायला कागदपत्रं मागितली गेली. त्यानंतर २०१४ पासून तिथल्या कायद्यात अतिशय गुंतागुंतीचे आजार असलेल्या मुलांना सूट देण्याची तरतूद आली. शिक्षकांचीही एक जुनी तक्रार आहे: निकाल येतो तेव्हा शाळेचं वर्ष संपलेलं असतं, मूल पुढच्या वर्गात गेलेलं असतं, मग उपयोग काय? म्हणून काही राज्यं वर्षाच्या शेवटी एकदाच परीक्षा न घेता, शिकवता शिकवता तुकडे देण्याचा पर्याय वापरतात. शिक्षक स्वतः पायरी निवडतो, शिकवतो, मग तो तुकडा देतो. मला विचाराल तर तोच मार्ग बरा.

आता आपल्याकडे येऊ. माझी मावशी सांगली जिल्ह्यात एका विशेष शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवत होती, आता निवृत्त आहे. तिला मी फोनवर हे पाच पायऱ्यांचं सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "अगं, आमच्याकडे तीनशे साठ होत्या."

ती एमडीपीएसबद्दल बोलत होती, मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रामिंग सिस्टिम. आपल्या विशेष शिक्षकांच्या कित्येक पिढ्यांनी वापरलेली भारतीय तपासणी सूची. १८ विभाग, प्रत्येकात २० कौशल्यं. जेवण, कपडे घालणं, शौचाच्या सवयी, समजणं, बोलणं, वाचन, लेखन, आकडे, वेळ, पैसे, घरकाम, गावात वावरणं, अगदी कामधंद्यापर्यंत. मूल करतं तर 'अ', अजून करत नाही तर 'ब'. त्यावरून पुढच्या काही महिन्यांत काय शिकवायचं ते ठरवायचं. शिवाय सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने, जी पूर्वी एनआयएमएच होती आणि आता एनआयईपीआयडी आहे, तिने एफएसीपी नावाची सूची आणली. त्यात पूर्वप्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक असे गट आहेत आणि ८० टक्के कौशल्यं जमली की मूल पुढच्या गटात जातं.

म्हणजे आपल्याकडे काहीच नाही असं समजू नका. मुळात बुद्धिमापनाची बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकातच बसवली होती. आजही प्रमाणपत्रासाठी गेलेल्या पालकांच्या कानावर 'बिने-कामत' हे नाव पडतं. पण बुद्ध्यांकाचा आकडा शिक्षकाला 'उद्या सकाळी दहाला काय शिकवू' ते सांगत नाही. मावशीच्या त्या 'अ' आणि 'ब' सांगायच्या.

फरक कुठे आहे, तर अमेरिकेचा सगळा जोर शाळेच्या विषयांवर, आपला जोर स्वतःची कामं स्वतः करण्यावर. मी मावशीला जरा उत्साहाने म्हटलं, "तिकडे अशा मुलांनाही गोष्टीतला मुख्य विचार शिकवतात, आपल्याकडे आपण चमच्यातच अडकलो." ती म्हणाली, "ज्या आईला बारा वर्षांच्या पोराला भरवावं लागतं ना, तिला जाऊन विचार चमच्याचं महत्त्व." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "पण गोष्टी आम्ही सांगायचो हं. फक्त त्यांना कळल्या का, ते कधी विचारलं नाही. सूचीत तो रकानाच नव्हता."

अजून एक ती म्हणाली ते सांगते: "तपासणीला साहेब यायचे. फाईल बघायचे. पोरगं कुणी बघायचं नाही." केंटकीचीच गोष्ट झाली की ही.

महाराष्ट्रात अलीकडे यात एक चांगलं काम झालंय. मुंबईतली जय वकील ही १९४४ पासूनची संस्था आहे. त्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी एक अभ्यासक्रम आणि त्याला जोडलेलं मूल्यमापन तयार केलं, आणि 'दिशा' या नावाने तो राज्य शासनासोबत राज्यातल्या विशेष शाळांपर्यंत नेला. शिक्षकाला मुलाच्या नोंदी पोर्टलवर टाकता येतात. विशेष शाळांत तरी एक समान भाषा तयार होतेय.

खरी अडचण नेहमीच्या शाळेत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं १७ वं कलम म्हणतं की अभ्यासक्रमात आणि परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करा. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, ही उदाहरणं कायद्यातच आहेत. पण आपण 'बदल'मधलं फक्त 'सूट' उचललं. हा विषय नको, तो पेपर नको. जी चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गातली ताई आहे, तिला कुणी सांगितलंय का की या एका मुलासाठी पाचवीच्या परिसर अभ्यासाचा पेपर कसा बदलायचा? मग ती तिला जमतं ते करते. त्याला रंगवायला चित्र देते आणि प्रगतिपुस्तकावर 'समाधानकारक' लिहिते. तिचा काय दोष? तिच्या हातात माहितीपत्रक नाही, पायऱ्या नाहीत, विचारायला माणूस आठवड्यातून एकदा आला तर आला.

तिला उपयोगी पडेल असं काय असू शकतं? माझ्या इंजिनिअर डोक्यातून आलेलं सांगते, शिक्षकांनी हाणून पाडलं तरी चालेल. प्रत्येक धड्याखाली तीन सोप्या पायऱ्या छापा. 'पाणी' हा धडा असेल तर सगळ्यात खाली: तहान लागल्यावर पेल्याकडे बोट किंवा नजर. त्याच्या वर: पाण्याचं चित्र निवडणं. त्याच्या वर: पाणी कुठून येतं, दोन चित्रांतलं बरोबर कुठलं. वर्गात जे आहे तेच साहित्य. आणि नोंद फोनवर, तीस सेकंदांत. तीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागणारी कुठलीही नोंद चाळीस मुलांच्या वर्गात होत नाही. झाली तर ती महिनाअखेरीला एका बसणीत, अंदाजाने भरलेली असते.

फोनवरून आठवलं, तुमच्यासाठी एक छोटा प्रयोग. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, आणि तिथे 'स्विच ॲक्सेस' शोधा. काही फोनमध्ये ते आधी डाउनलोड करावं लागतं. आयफोनमध्ये त्याला 'स्विच कंट्रोल' म्हणतात. अँड्रॉइडवर व्हॉल्यूमचं एक बटण निवडायला ठेवा, पट्टी आपोआप सरकू द्या, आणि फक्त त्या एका बटणाने आईला 'जेवलीस का' एवढा मेसेज पाठवून बघा. मला पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली, तेही सगळं कळत असताना. सुरू करण्याआधी बंद कसं करायचं ते मात्र वाचून ठेवा, नाहीतर रात्री मलाच मेसेज कराल. आणि मराठीत चित्रांवरून बोलणारं ॲप बघायचं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' बघा. मोफत आहे.

शेवटी एका श्रोत्याचा प्रश्न घेते. नाव सांगत नाही. तो लिहितो: "ताई, माझा लहान भाऊ नऊ वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग आहे, बोलत नाही. गावच्या शाळेत नाव आहे. परीक्षेच्या दिवशी त्याला आणू नका म्हणतात, पास करतो म्हणतात. आम्ही काय करावं?"

दादा, त्या दिवशी त्याला घरी ठेवू नका, शाळेत न्या. भांडायला नाही. बाईंना किंवा गुरुजींना आधी एकदा भेटा आणि एकच विचारा, "या सहामाहीत याला कुठल्या तीन गोष्टी शिकवायच्या आणि त्या आल्या हे आपण कशावरून ठरवायचं?" त्या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या, दोघांच्या सह्या करा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना तो कागद दाखवा आणि शाळेत यायला सांगा. बाईंना एकट्याने हे करावं लागू नये म्हणून. तुझ्याकडे फोन आहेच. तो काहीतरी निवडतो, नको म्हणतो, हवं म्हणतो, तेव्हाचे दहा-दहा सेकंदांचे व्हिडिओ काढून ठेव. घरी तो 'नको' कसं सांगतो ते बाईंना माहीतच नसेल. मान फिरवतो की डोळे मिटतो? तेवढं दाखव त्यांना. व्हिडिओ फक्त बाईंना दाखव, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नकोस.

आणि काय झालं ते मला कळव. कळवलंस तर पुढच्या महिन्यात मावशीलाच इथे बोलावते, त्या तीनशे साठपैकी कुठल्या तीनपासून सुरुवात करायची ते ती सांगेल.